आपल्या सरांची शिवराई

स्मरणिका समितीने माझ्याकडे जे काम सोपवलं ते वरवर अगदी सोपं होतं. मेळाव्याच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एका काचपेटीत सरांची शिवराई ठेवायची, खाली एक कार्ड लावायचं आणि त्या नाण्याविषयी दोन-तीन पानांचा मजकूर स्मरणिकेसाठी लिहायचा. "तुला नाण्यांचा नाद आहे, तूच लिही," असं आपल्या समितीच्या अध्यक्षबाईंनी फोनवर सांगितलं आणि कार्डाचा मजकूरही सांगून टाकला : 'छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातील, रायगडाच्या टांकसाळीत पाडलेली शिवराई.' निमंत्रणपत्रिकेत हे वाक्य छापूनही झालं होतं.

1980 च्या बॅचमधल्या कोणालाही ही शिवराई म्हणजे कोणती, हे सांगायला नको. नववीत राज्याभिषेकाचा धडा चालू असताना सरांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि ते काळपट तांब्याचं नाणं पहिल्या बाकावर ठेवलं. "पुढे द्या, पण सांभाळून," एवढंच म्हणाले. ते नाणं साठ-बासष्ट हातांतून फिरलं. मुलींच्या रांगेतून फिरून परत येईपर्यंत तास संपला होता. आपल्यापैकी कित्येकांनी नंतर आपल्या मुलांना सांगितलं असेल की, आम्ही शिवाजी महाराजांच्या हातातलं नाणं हातात धरलं आहे. मीही सांगितलं आहे.

म्हणून आधी शिवराईबद्दल. 6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी स्वतःच्या नावाची नाणी पाडली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन आज इतके दुर्मीळ आहेत की संग्रहालयांत आणि मोजक्या संग्राहकांकडेच पाहायला मिळतात. तांब्याची शिवराई मात्र भरपूर पाडली गेली, कारण बाजारहाट तिच्यावर चालायचा. पुढच्या बाजूला तीन ओळी : श्री / राजा / शिव. मागच्या बाजूला दोन : छत्र / पति. भोवती ठिपक्यांची कडा. बस्स. राजाचं चित्र नाही, तारीख नाही, टांकसाळीचं नाव नाही.

त्या काळी हे किती वेगळं होतं हे कळायला आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. पुढे शंभर वर्षांनी नागपूरकर भोसल्यांचं राज्य कटकपर्यंत पसरलं, तरी त्यांच्या रुपयांवर नाव मोगल बादशहाचं आणि लिपी फारसी. बाजारात रुपया चालायचा तो बादशहाच्या नावाच्या पतीवर, मग दिल्लीत त्या बादशहाला कोणी विचारो न विचारो. महाराजांनी 1674 मध्ये देवनागरीत स्वतःचं नाव घातलं आणि 'राजा' व 'छत्रपती' हे शब्द तांब्याच्या पैशावर आणले. म्हणजे भाजीवालीच्या हातात पोचवले. राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलाच्या मागण्यांत मुंबईचं नाणं मराठी मुलखात चालावं, अशीही एक मागणी होती. नाणं कोणाचं चालतं हा प्रश्न तेव्हाही राज्य कोणाचं याच प्रश्नाला लागून होता.

आता आमच्या कार्डाची अडचण इथूनच सुरू होते. नाण्यावर तारीख नाही, टांकसाळ नाही. आणि शिवराई महाराजांबरोबर थांबली नाही. पुढच्या छत्रपतींनी काही नाणी आपल्या नावाने पाडली, पण लोकांच्या अंगवळणी पडलेला 'श्री राजा शिव छत्रपति' हा मजकूर पेशवाईतही तसाच चालू राहिला. ठिकठिकाणच्या टांकसाळी, ठेका घेतलेले सराफ, गावोगावचे कारागीर, सगळे तोच मजकूर कोरत होते. अक्षरं मात्र ज्याची त्याची. 'शिव'चं कुठे 'सिव' झालं, कुठे 'सीव'; 'छत्रपति'चं 'छत्रपती' झालं आणि काही ठिकाणी तर काय लिहिलं आहे ते कोरणाऱ्यालाच ठाऊक. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत ही नाणी खेड्यापाड्यांच्या बाजारांत फिरत होती. त्यानंतर ती तराजूत वजन म्हणून, मुलाच्या गळ्यात ताईत म्हणून किंवा देवघरात देवाशेजारी राहिली.

हा सगळा पसारा पहिल्यांदा नीट कोणी चाळला, तर एका अमेरिकन माणसाने. रेव्हरंड जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. त्यांनी 1890 च्या दशकात सुमारे 25,000 शिवराया पाहून त्यांवर मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. पंचवीस हजार! तेव्हा ही नाणी सराफांकडे आणि तांबटांकडे ढिगाने येत होती, वितळवून हंडे-कळशा करायला. ॲबटसाहेबांनी त्या ढिगांतून अक्षरांचे प्रकार वेगळे काढले. हेच ॲबट पुढे अमेरिकेत परतले आणि न्यू जर्सीतल्या समिट गावी बसून महिपतींची संतचरित्रं इंग्रजीत आणत राहिले. आपला न्यू जर्सीवाला मित्र त्या गावापासून फार लांब राहत नाही. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी तिथून रोज ट्रेन पकडतो बे, मला कोणी सांगितलंच नाही!"

आधुनिक काळात महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाण्यांवरचा ग्रंथ 1989 मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेने काढला. माझ्यासारख्या हौशी माणसाची सगळी मदार अशा कामांवर असते.

तर, गेल्या दिवाळीनंतर मी शाळेतून ते नाणं पावती देऊन घरी आणलं. (सरांनी निवृत्त होताना ते इतिहासाच्या कपाटाला दिलं होतं, हे बहुतेकांना माहीत नसेल.) दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि सोनाराकडचा असतो तसा छोटा काटा घेऊन बसलो. अशा वेळी पाहायच्या गोष्टी ठरलेल्या असतात.

पहिली, नाणं ठोकून पाडलेलं आहे की ओतलेलं. जुनी शिवराई म्हणजे तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा धरायचा आणि घण मारायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे मजकूर एका बाजूला सरकतो, एखादं अक्षर अर्धं बाहेर जातं, कडेला चीर पडते. ओतलेल्या नकलेत अक्षरं साबणाच्या वडीवरच्यासारखी मऊ असतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात आणि कडेवर सांधा घासल्याची रेघ सापडते. हल्ली गडांच्या पायथ्याशी आठवण म्हणून मिळणाऱ्या शिवराया अशाच. त्यांत फसवणूक नाही. फसवणूक होते ती कोणीतरी त्या मातीत पुरून, मिठाच्या पाण्यात भिजवून, 'शेतात सापडली' म्हणून विकतो तेव्हा. आपली शिवराई ठोकलेली निघाली. 'राजा'तल्या 'जा'चा काना चकतीबाहेर गेला आहे, कडेला दोन चिरा आहेत. इथवर जीव भांड्यात पडला.

दुसरी गोष्ट वजन. सुरुवातीच्या चांगल्या शिवराया साधारण 11-12 ग्रॅमच्या आसपास भरतात. आपली 9.1 ग्रॅम भरली. झिजेने ग्रॅमभर जाऊ शकतं, पण एवढं जायचं तर अक्षरं पार गुळगुळीत व्हायला हवीत.

तिसरी गोष्ट मी वजनाआधीच पाहिली होती, पण पाहिल्यासारखं केलं नव्हतं. मागच्या बाजूला मजकुराच्या मध्ये दोन समांतर रेघा. नाण्यांच्या बाजारात हिला दुदांडी शिवराई म्हणतात. ही पेशवाईतली, आणि आपल्या नाण्याची अक्षरांची धाटणी पाहता पेशवाईच्याही उत्तरकाळातली. म्हणजे रायगडावरचा राज्याभिषेक आणि हे नाणं यांच्यात शंभराहून जास्त वर्षं.

नाणं खरं होतं. कार्ड खोटं होतं.

मी समितीच्या गटावर दोन ओळी टाकल्या. तासाभरात चाळीस संदेश. एकाने लिहिलं, "आता कायले सांगतं बे? पंचेचाळीस वर्षं आपण तेच समजत आलो." दुसऱ्याचं म्हणणं, सर 87 वर्षांचे आहेत, त्यांना मंचावर बोलावून सत्कार करायचा आणि त्यांचंच नाणं खाली पाडायचं, हे बरं दिसतं का? न्यू जर्सीवाल्याने व्यवहारी तोडगा काढला : मी डिसेंबरात येतो, नाणं घेऊन जातो, अमेरिकेतल्या कंपनीकडून तपासून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून, नंबर लावून आणतो. मग वादच नको.

त्याला दोन उत्तरं द्यावी लागली. एक, 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. दुसरं उत्तर लांब होतं, आणि ते इथे देतो, कारण त्या नंबराची गोष्ट मला फार आवडते.

अमेरिकेत आपल्या शिवराईसारखं साधं, तांब्याचं, भाजीबाजाराचं नाणं म्हणजे जुना मोठा सेंट. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने तो 1793 मध्ये पहिल्यांदा पाडला. त्यातल्या पहिल्या ठशावर देशाचं नाव पूर्ण लिहायला कारागिराला जागा पुरली नाही आणि त्याने 'अमेरि.' करून टिंब दिलं. म्हणजे 'सिव' कोरणारा आपला कारागीर एकटा नव्हता. गंमत अशी की याच सुमारास बर्मिंगहॅमचा मॅथ्यू बोल्टन वाफेच्या यंत्रावर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडून पाठवत होता, आणि काही वर्षांतच अमेरिकेच्या टांकसाळीला सेंटसाठी कोऱ्या तांब्याच्या चकत्याही तोच पुरवू लागला. त्याच यंत्राच्या पैशांनी पुढे शिवराईची जागा हळूहळू घेतली. आणि मूळ शिवराईचं तांबं? सतराव्या शतकात भारतात समुद्रमार्गे येणारं बरंचसं तांबं जपानचं, डच कंपनीच्या जहाजांतून आलेलं. गावच्या देवघरातल्या पैशाचं गाव कुठचं म्हणायचं!

तर या अमेरिकन सेंटवर विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थांनी 1949 मध्ये पुस्तक लिहिलं. पेशाने मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीराचे तीन साचे करून त्यांवरून स्वभाव सांगणारे. तीच मोजण्याची हौस त्यांनी नाण्यांवर चालवली आणि 1 ते 70 असं मोजमाप काढलं. हिशेब असा की 1794 चा सेंट जेमतेम ओळखू येण्याइतका झिजलेला असेल तर एक डॉलर, आणि टांकसाळीतून आत्ताच पडल्यासारखा असेल तर सत्तर डॉलर. किमतींचं गणित दोन-चार वर्षांत कोसळलं, पण नंबर टिकले. आज जगभरातल्या नाण्यांना हेच सत्तरपैकी गुण मिळतात. 1986-87 पासून तर अमेरिकेत ते देणाऱ्या मोठ्या कंपन्याच निघाल्या. गुणांच्या नावांतही खोच आहे. चार गुण मिळालेल्या, नुसती आकृती उरलेल्या नाण्याला 'गुड' म्हणतात, बारा म्हणजे 'फाइन', वीस म्हणजे 'व्हेरी फाइन'. सत्तरपैकी चार मिळवून 'गुड' शेरा! आपल्या गणिताच्या बाईंकडे ही पद्धत असती तर मागच्या बाकांचं आयुष्य बदललं असतं.

पण शेल्डनसाहेबांची गोष्ट इथे संपत नाही. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीला एका धनिकाने आपला सेंटांचा थोर संग्रह दिला होता. शेल्डन तिथे अभ्यासाला बसत. ते गेल्यानंतर काही वर्षांनी उघडकीला आलं की त्या संग्रहातले शंभराहून जास्त चांगले सेंट त्यांनी उचलले होते आणि त्यांच्या जागी त्याच प्रकारचे कमी दर्जाचे सेंट ठेवले होते. कपाटातली संख्या बरोबर, प्रकार बरोबर, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पकडलं गेलं ते जुन्या छायाचित्रांमुळे. हाताने पाडलेल्या काळातलं प्रत्येक तांब्याचं नाणं वेगळं असतं. ओरखडा, चीर, डाग हे त्याच्या बोटांचे ठसे. फोटोतलं नाणं आणि कपाटातलं नाणं एक नव्हतं. मामला कोर्टात गेला आणि सोसायटीच्या बाजूने निकाल लागला. जगाला नाण्याचे गुण कसे द्यावेत हे शिकवणारा माणूस असा निघाला.

म्हणून मी न्यू जर्सीवाल्याला लिहिलं की डबीतला नंबर नाणं कसं दिसतं एवढंच सांगतो. ते कुठून, कोणाच्या हातून, कसं आलं हे वेगळं लिहून ठेवावं लागतं. आपल्या विदर्भाएवढं हे कोणाला कळणार? 1939 मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या सुमारे 1,600 नाण्यांचा साठा सापडला. मिश्र धातूची, हलकी, दिसायला कळाहीन नाणी. गुण द्यायला गेलं तर बहुतेकांना 'गुड'सुद्धा मिळायचं नाही. पण ती एकत्र, एका जागी सापडली आणि तशीच आपल्या नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींच्या नजरेखाली आली. त्यांतून कुंभ, कर्ण, शक असे सातकर्णी पुढे आले, जे पुराणांच्या वंशावळीतही नव्हते. तोच साठा बाजारात दहा-दहाने फुटला असता तर नाणी उरली असती आणि राजे गेले असते. अजब बंगल्यात सहलीला जाऊन आपण फक्त भुसा भरलेले प्राणी पाहिले, हे आता वाईट वाटतं.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे जी मी पंचेचाळीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती.

भिंगाखाली आपल्या शिवराईच्या खोलगट भागांत गडद तपकिरी, काही ठिकाणी हिरवट थर आहे. पण उंच भागांवर, म्हणजे अक्षरांच्या पाठीवर आणि मधल्या सपाटीवर, तो थर नाही. तिथे तांबं एकसारखं फिकट आहे आणि त्यावर बारीक बारीक समांतर ओरखडे आहेत. कोणीतरी हे नाणं घासलं आहे.

ते मी घासलं आहे. 1978 च्या डिसेंबरात शाळेच्या प्रदर्शनात इतिहासाचं दालन माझ्याकडे होतं. सरांनी आदल्या दिवशी नाणं माझ्याकडे दिलं. घरी आणलं, तर मला ते मळकं वाटलं. पितळेचे देव आई जसे घासायची तसं मी ते चिंचेच्या कोळात भिजवलं आणि चुलीतल्या राखेने नारळाच्या शेंडीने घासलं. दहा मिनिटांत गुलाबी, लख्ख झालं. दुसऱ्या दिवशी मखमलीच्या तुकड्यावर असं चमकलं की मुख्याध्यापकही थांबून पाहून गेले. सर आले, वाकून पाहिलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मांडणी छान केलीस."

मला ते कौतुक वाटलं. नोकरीला लागल्यावर इतवारीच्या सराफ्यात एका जुन्या व्यापाऱ्याकडे बसायची सवय लागली, तेव्हा मी काय केलं होतं ते कळलं. तांब्यावर हवेने आणि ओलाव्याने वर्षानुवर्षं जो थर चढतो, आधी लालसर तपकिरी, मग काळसर, मातीत असेल तर हिरवा, तो मळ नव्हे. ती तांब्याची बदललेली कातडी आहे आणि आतल्या धातूला तीच सांभाळते. चिंचेतलं आम्ल ती विरघळवतं, राख उरलेली खरवडते, आणि तिच्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. कळकलेल्या भांड्यात ताक ठेवू नये म्हणून आपल्या आया तांबं-पितळ घासत, ते बरोबरच. पण भांडं वापरायचं असतं. नाण्याचा थर पुन्हा चढतो, पण तो नवा असतो आणि नवाच दिसतो. जुन्या अमेरिकन तांब्याचे संग्राहक म्हणूनच दोन आकडे देतात : एक तपशील किती शिल्लक आहे त्याचा, दुसरा दोष वजा करून निव्वळ. आपल्या शिवराईला मी तपशिलाचे 20 देईन आणि निव्वळ 8. मधले बारा माझे.

ही दोन्ही प्रकरणं घेऊन मी जानेवारीत सरांकडे गेलो. सर आता धंतोलीत मुलाकडे असतात. दृष्टी अधू झाली आहे, कान चांगले आहेत. चहा झाल्यावर मी सांगून टाकलं, "सर, ती रायगडावरची नाही. दुदांडी आहे."

"मग?" सर म्हणाले.

"म्हणजे, आम्ही पत्रिकेत रायगड छापलंय."

"मी रायगड कधी म्हणालो?"

मी गप्प बसलो. कारण विचार केला तर आठवेना. आठवत होता तो धडा, आणि धड्यात रायगड होता. सरांनी सुनेला हाक मारून आतली पत्र्याची पेटी मागवली. तिच्यात खाली एक पिवळं पडलेलं पाकीट होतं, त्यावर शाईने, त्यांच्या त्याच उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात : 'शिवराई. आजीच्या देवघरातून. वाई. मे 1951.' सर तेव्हा तेरा वर्षांचे. आजोबांची कमाई रेल्वेतली, नागपूरची, घर वाईचं. आजी गेल्यावर देवघरातल्या वस्तू वाटल्या गेल्या तेव्हा नातवाने एवढीच मागून घेतली. "देवाला वाहिलेली म्हणून कोणी वितळवली नाही," सर म्हणाले. "ती महाराजांच्या वेळची नाही हे मला कॉलेजातच कळलं होतं. मिराशींची व्याख्यानं ऐकलेली आहेत मी! तुम्हाला मी म्हणालो असेन की अशी नाणी रायगडावर पहिल्यांदा पाडली. तुम्ही 'अशी' गाळलंत."

साठ-बासष्ट जणांनी एकाच वेळी एकच शब्द गाळला होता.

मग मी दुसरं सांगितलं. चिंच, राख, नारळाची शेंडी, सगळं. सर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या दिवशी पाहिलं तेव्हाच कळलं मला. घरी जाऊन हिला म्हटलं, आजीच्या हातचं कुंकू गेलं त्याच्यावरचं." कुंकवाचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. देवघरात रोज कुंकू लागत असणार. खोलगट भागात ते वर्षानुवर्षं बसलेलं असणार. मी तो मळ समजलो होतो.

"तेव्हा का नाही बोललात, सर?"

"चौदा वर्षांचा होतास. बोललो असतो तर पुन्हा नाण्याला हात लावला नसतास."

निघताना त्यांनी पाकीट माझ्याकडे दिलं आणि कार्डाचा मजकूर तिथेच सांगितला. मी एक वाक्य गाळून लिहायला निघालो तेव्हा मला थांबवून ते पुन्हा सांगितलं. समितीला मी तो जसाच्या तसा दिला आहे. पत्रिकेतल्या चुकीसाठी अध्यक्षबाईंनी एक ओळीची दुरुस्ती छापायचं कबूल केलं आहे, थोडं कुरकुरत. पाकीटही पेटीत नाण्याशेजारीच ठेवायचं ठरलं आहे. कार्ड असं :

'शिवराई, दुदांडी. तांबे. वजन 9.1 ग्रॅम. पेशवाईचा उत्तरकाळ. टांकसाळ नोंदलेली नाही. वाई येथील एका घरच्या देवघरातून 1951 मध्ये नागपुरास आली. 1978 मध्ये इयत्ता नववीच्या विद्यार्थ्याने चिंचेने धुतली. हाताळण्यास हरकत नाही.'